रविवारचं काम

सेइनीला लिहायला आठवड्यातून दोन तास मिळत, रविवारी दुपारी. चर्चहून आल्यावर अंगणातली उमू, म्हणजे जमिनीतली भट्टी, उघडायची, टॅरोच्या, म्हणजे अळूच्या, पानांत नारळाच्या दुधाबरोबर शिजलेलं मटण आणि गरम यामचे कंद पोटभर खायचे, आणि मग सगळं घर चटयांवर आडवं व्हायचं. नवरा लिसियाते, तिन्ही मुलं आणि सासू लोसालिने. त्या वेळी सगळं नेइआफू गाव घोरत असे. दुकानं बंद, बंदरातल्या होड्या जागच्या जागी, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. सेइनी खिडकीखाली बसून निळ्या वहीत पेन्सिलीनं गोष्टी लिहायची.

बाकीचे सहा दिवस तिचे नव्हते. टेकडीवरच्या हायस्कूलमध्ये ती टोंगन भाषा शिकवायची. त्रेचाळीस मुलांच्या वह्या तपासायच्या, शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर पुढच्या आठवड्याचे पाठ ठेवायचे, बुधवारी चर्चच्या गाण्याची तालीम, गुरुवारी बायकांबरोबर चटई विणायची. शनिवारचं तर नावच काढू नका. नारळ खोवायचे, याम सोलायचे, अंगण झाडायचं आणि सहा माणसांचे चर्चचे कपडे इस्त्री करायचे. मी शनिवारी मेले तर मला पुरायलाही कुणी मोकळं सापडणार नाही, असं ती म्हणायची.

रविवारी मात्र काम करायचं नाही. हा नुसता चर्चचा नियम नाही, टोंगा देशाचा कायदा आहे, आणि त्या घरात कायद्याच्याही वर लोसालिने होती. सहा वर्षांपूर्वी एका रविवारी सेइनीनं परीक्षेचे पेपर तपासायला घेतले होते. सासू उठून आली, तिनं लाल पेनाचं टोपण शोधलं, पेनाला लावलं, पेन कमरेला खोचलं आणि परत जाऊन झोपली. तेव्हा सेइनीनं मनाशी ठरवून टाकलं की पेन म्हणजे काम आणि पेन्सिल म्हणजे खेळ. सासूनंही बहुधा तसंच ठरवलं असावं, कारण पेन्सिलीला तिनं कधी हात लावला नाही. शेजारणीनं विचारलंच तर सांगायची, काही नाही गं, रेघोट्या मारत बसते. सेइनीला ते लागायचं. पण ती मूग गिळून बसायची. रेघोट्या होत्या म्हणूनच तर चालत होत्या.

शिक्षण खात्याला शाळेच्या वाचनपुस्तकांसाठी नव्या गोष्टी हव्या होत्या. त्या रेघोट्यांतली एक सेइनीनं मार्चमध्ये राजधानीला पाठवून दिली आणि घरात ताकास तूर लागू दिली नाही. मे महिन्यात एका शनिवारी उत्तर आलं, ते नेमकं लिसियातेच्या हातात. लिसियाते बंदरावर कस्टममध्ये होता. भला माणूस, पण बायकोचं कौतुक त्याच्या पोटात मावत नसे. त्यानं पत्र दोनदा वाचलं, तिला दाखवलं, मग शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिला न विचारता, पाद्रीबाबांना नेऊन दिलं.

पाद्रीबाबांनी सूचना वाचून झाल्यावर व्यासपीठावरूनच पत्र वाचलं. त्यात 'गोष्ट' हा शब्द एकदा होता आणि 'ङाउए' हा शब्द तीनदा. ङाउए म्हणजे काम. आपलं काम आम्हाला पसंत आहे, आपलं काम आम्ही छापू, आणखी चार गोष्टींचं काम ऑगस्टअखेर शाईनं स्वच्छ लिहून पाठवावं. सरकारी माणसांना दुसरा शब्द सुचत नाही. चर्चमधल्या माना वळल्या, गाणाऱ्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. सेइनीचे डोळे भरून आले. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, आणि तिचं लग्न तिच्याच पसंतीनं झालं होतं.

तो आनंद जेवणापर्यंत टिकला. सगळे आडवे झाल्यावर तिनं वही उघडली, तर लोसालिने येऊन समोर उभी राहिली.

"काय चाललंय?"

"लिहितेय, आई."

"काम ना ते? तीनदा म्हणाले पाद्रीबाबा. मी मोजलं."

"आई, वही तीच आहे. पेन्सिलही तीच."

"वही तीच असेल. पण आता ते काम आहे, आणि आज रविवार आहे."

सेइनीनं बेकरीचं नाव काढलं. फार वर्षांपूर्वी एका वादळानंतर लोकांचे हाल झाले तेव्हा बेकरीला रविवारी उघडायची सूट मिळाली होती, आणि ती परत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी अख्खं गाव तिथे रांगेत असे, लोसालिनेसुद्धा.

"पाव खातात, सेइनी," सासू म्हणाली आणि वही मिटली.

लिसियाते बाजूच्या चटईवर टक्क जागा होता, पण त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि इथे हात बायकोचा दाखवला होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर सेइनी पाद्रीबाबांकडे गेली. त्यांची मुलगी तिच्याच वर्गात होती, माणूस चांगला होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पोटावर हात ठेवून विचार केला आणि विचारलं, "पत्र यायच्या आधी तुझ्या लिहिण्याची कुणी वाट बघत होतं का?"

"नाही."

"आणि आता?"

"राजधानीतले साहेब बघतायत."

"मग सोपं आहे. ज्याची कुणी वाट बघतं ते काम."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या रविवारच्या प्रवचनासाठी त्यांनी ते लगेच टिपून घेतलं. प्रवचनाची कुणी वाट बघतं का, हे सेइनीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ती त्यांच्या मुलीची बाई होती आणि ते पाद्री होते. ती नमस्कार करून निघाली.

जून गेला. गोष्टींना वेळ सापडेना. सहामाही परीक्षेत देखरेख करताना तिनं तीन ओळी लिहिल्या, तेवढ्यात मागच्या बाकांवर दोघींनी इतिहासाचा अख्खा पेपर जुळवून घेतला. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली? ती म्हणाली, डुकरात. ते हसले, तिला वाटलं बरं झालं. पण ते खरं होतं. डोक्यात तेव्हा एका डुकराची गोष्ट होती. मुलीच्या लग्नात कापायचं म्हणून एक बाप डुक्कर पाळतो. मुलगी आलेलं प्रत्येक स्थळ नाकारते. डुक्कर वाढतं, म्हातारं होतं, त्याला कपितेनी, म्हणजे कप्तान, असं नाव पडतं, गावातली माणसं त्याला वाट देतात. मग एक चांगला मुलगा येतो आणि मुलीच्या मनात भरतो. इथे गोष्ट अडली होती आणि पुढे सरकायला रविवार नव्हता.

जुलैच्या मध्यावर एका रात्रीच्या जेवणात सेइनीनं ताट बाजूला सारलं.

"काम आहे ना ते? मग कामाला कामाचा दिवस द्या. मला शनिवार हवा."

शनिवार मागणं म्हणजे घराचं छप्पर मागण्यासारखंच होतं. मग लिसियाते घसा खाकरून म्हणाला, "इस्त्री मी करतो."

"तू? शर्ट जाळशील," त्याची आई म्हणाली. तिनं माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "नारळ मी खोवते. इस्त्री तुमची पेसी करेल, बारा वर्षांची झाली आता. तू अंगण झाड. तेवढं जमेल तुला."

ती इतक्या लवकर कबूल होईल असं सेइनीला वाटलं नव्हतं. तिला एकदम सासूविषयी माया दाटून आली, आणि मग थोडी शंकाही.

शनिवारी सकाळी पुढच्या खोलीतलं टेबल पुसून दिलं गेलं. त्यावर पांढरे कागद आणि काळं पेन. मुलं बोलायला लागली की आजी अंगणातून शूऽऽ करायची आणि पुन्हा नारळ खोवायला लागायची. लिसियाते पाय न वाजवता चहा ठेवून गेला, जाताना कागदाकडे बघून गेला. पेसीनं शर्टाची एक कॉलर जाळली आणि आवाज न करता रडली. सेइनीनं तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं, 'कपितेनी' लिहिलं आणि खोडलं. दुपारपर्यंत एक वाक्य झालं. सवयीनं तिनं त्यातलं शुद्धलेखन तपासलं आणि त्याला दहापैकी चार दिले.

पुढचे तीन शनिवार असेच गेले. जेवताना सगळे विचारायचे, किती झालं? पाद्रीबाबा विचारायचे, मुख्याध्यापक विचारायचे, बेकरीच्या रांगेत बायका विचारायच्या. इतकी माणसं आपली वाट बघतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आता तिला त्या सगळ्यांचा राग यायला लागला होता. ती माणसं चांगली होती, म्हणून जास्तच.

आणि रविवारी, हात रिकामे असताना, गोष्टी आपल्या पायांनी चालत यायला लागल्या. ती चटईवर उताणी पडून पत्र्याकडे बघत असे, आणि एकामागून एक वाक्यं येत. पेन्सिल नव्हती, म्हणून विसरू नये यासाठी ती पुटपुटून पाठ करी. सोमवारी पहिल्या तासाला मुलांना श्रुतलेखन घालायचं आणि दोन वाक्यांच्या मधल्या वेळात हजेरीपटाच्या मागच्या कागदावर आपलं उतरवायचं. शनिवारी टेबलाशी बसून तेच शाईनं स्वच्छ करायचं. घरच्यांना वाटायचं, शनिवार लागू पडला. तीन गोष्टी अशा झाल्या. चौथी, डुकराची, तेवढी दर रविवारी अडून राहिली होती, आणि ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. बुधवारची बोट गाठायची तर आज गोष्टीची गाठ सुटायलाच हवी होती.

घर झोपलं. सेइनी पुटपुटत होती. मुलगा दारात उभा आहे, मुलगी आत केस विंचरते आहे, बाप सुरीला धार लावतो आहे. इथवर ती चार वेळा आली आणि चारही वेळा अडली. गोष्ट गेली तर गेली, एका गोष्टीनं काय होतं, असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं, पण ते पटेना. तिनं पाचव्यांदा सुरुवात केली.

"प्रार्थना करतेयस?"

शेजारच्या चटईवरून आवाज आला. लोसालिने डोळे मिटून पडली होती, हात छातीवर.

"हो, आई."

"त्यात डुक्कर फार येतं."

लिसियाते घोरत होता, या वेळी खरंच. बाहेर कुणाचा तरी कोंबडा एकदा आरवून गप्प झाला.

"मनातल्या मनात कर," लोसालिने म्हणाली. "ओठ हलले की काम केल्यासारखं दिसतं."

"बरं, आई."

म्हातारी कुशीवर वळली. झोपली असं सेइनीला वाटलं, आणि ओठ घट्ट मिटून ती पुन्हा दारातल्या त्या मुलापाशी येऊन थांबली.

"सेइनी."

"काय, आई?"

"चार रविवार झाले ते ध्यान दारात उभं आहे." भिंतीकडे तोंड केलेली सासू हळू आवाजात म्हणाली. "त्याला आत घे वाटलं तर. पण लग्नात मासे वाढ."