इनासियोचा डबा बायोनला जातो

मी एक जुना ॲल्युमिनियमचा डबा आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या नशिबातच नाही. भरलेला असलो की कुठेतरी पोहोचायची घाई असते, आणि रिकामा असलो की कुणीतरी भरावं म्हणून जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, माझा जन्म डोंगरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्यावर यंत्राचा दणका बसला, दोन बाजूंना दोन खटके लागले आणि मी स्पेनमधल्या पासाया बंदरात इनासियोच्या हाती आलो. तो जहाजांची डागडुजी करायचा. बरीच वर्षं मी त्याच्याबरोबर गोदीत गेलो. माझं झाकण उघडलं की त्याचे सोबती माना लांब करायचे, कारण इनासियोच्या हाताला चव होती. आमच्याकडे गल्लोगल्ली पुरुषांची स्वयंपाकाची मंडळं असतात. तिथे पुरुषच रांधतात, पुरुषच जेवतात आणि एकमेकांच्या रश्शाला नावं ठेवतात. इनासियोच्या ट्यूना-बटाट्याच्या रश्शाला मात्र कुणी नाव ठेवत नसे; तो बटाटे पुरते कापत नसे, सुरी अर्धी घालून मोडायचा. त्याचा मुलगा ओयेर तिथेच त्याच्या शेजारी स्टुलावर उभा राहून शिकला.

हाच ओयेर मोठा आचारी व्हायला सीमेपलीकडे, फ्रान्समध्ये बायोनला निघाला, तेव्हा मंडळाच्या भरल्या टेबलावर इनासियो म्हणाला, "जा, आपलं तेल सोडून त्या फ्रेंचांच्या लोण्यात हात बुडव जा!"

ओयेरही बापाचाच मुलगा. "तुमचा रस्सा गोदीतल्या हमालांनाच शोभतो," तो म्हणाला.

एवढ्या लोकांसमोर तोंडून गेलेला शब्द दोघांनाही मागे घेता आला नाही. ओयेर गेला तो आलाच नाही. इनासियोने रस्सा करायचं सोडलं आणि माझ्यात खिळे भरून ठेवले. अन्नाच्या भांड्यात खिळे! मला ते फार लागलं.

या उन्हाळ्यात ओयेरच्या धाकट्या बहिणीची, गराझीची, विद्यापीठाची परीक्षा संपली आणि तिने शनिवार-रविवार बायोनला जायचं ठरवलं. ओयेरचा निरोप आला होता, 'शनिवारी मी काम करतो त्या हॉटेलात जेवायला ये. रात्री माझ्या खोलीवर झोप.' म्हणून तर तिला ही सहल परवडणार होती. त्या सकाळी इनासियोने खिळे ओतून टाकले, मला घासघासून धुतलं आणि ताजा रस्सा भरला.

"आईने केलाय म्हणून सांग. माझं नाव काढलंस तर बघ!" तो गराझीला म्हणाला.

"आणि त्याने विचारलं तर?"

"तो कशाला विचारतोय! तू डबा दे आणि मोकळी हो."

तोंडाने असं म्हणाला, पण माझे खटके त्याने पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. मला कळून चुकलं की हा रस्सा ओयेरने खाल्ला नाही, तर हा माणूस पुन्हा चुलीपाशी उभा राहणार नाही.

छोट्या रेल्वेने आम्ही सीमा ओलांडली, दुसरी गाडी धरली आणि दुपार व्हायच्या आधीच बायोनला पोहोचलो. मी पाठीवरच्या पिशवीत चुळबुळत होतो. ऊन चढत होतं, आत मासे होते, आणि ही पोरगी आरामात गल्ल्या हिंडत होती! फुकटात बघता येईल ते सगळं तिने बघितलं. बाराचे टोल पडले. चहूकडून काटे-चमचे वाजू लागले; इकडे जेवायची वेळ हीच. माझा जीव कासावीस झाला, पण तिला कसली घाई? आमच्या घरी अडीच वाजण्याआधी टेबलावर ताट मांडलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. जेवायला ये म्हणजे अडीच, यात विचारायचं काय!

ती पोहोचली तेव्हा हॉटेलाची मालकीण खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती.

"स्वयंपाकघर बंद झालं, पोरी."

"मला ओयेरने बोलावलंय. मी त्याची बहीण."

"अगं बाई! खिडकीपाशी टेबल मांडून साडेबारापासून वाट बघत होता तो. शेवटी ॲप्रन भिरकावून नदीकडे गेला."

गराझीने फोन लावला. तो बंद. मग ती अशी पळत सुटली की माझ्यातला रस्सा खळखळू लागला. खटक्यांनो, धरून ठेवा रे, एवढंच मी म्हणत होतो.

ओयेर घाटाच्या पायरीवर पाण्याकडे बघत बसला होता.

"दादा!"

त्याने वळूनही पाहिलं नाही. "बाबांनी अडवलं असेल ना?"

"कुणी नाही अडवलं. जेवायच्या वेळेलाच तर आले!"

"ही जेवायची वेळ?" तो चिडून उठला आणि मध्येच थांबला. "अडीच," तो हळूच म्हणाला. "घरी अडीचला बसतात. विसरलोच की मी, गराझी." विसरल्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की तो मट्कन खाली बसला.

"आता बोलून काय उपयोग, खा. आईने पाठवलंय."

त्याने खटके उघडले. रस्सा गार झाला होता, पण शाबूत होता. ओयेरने चमच्यावरचा बटाटा निरखून पाहिला.

"हा मोडलाय. आई सुरीने कापते. कुणी केलाय हा?"

"ते सांगू नकोस म्हणून सांगितलंय मला."

ओयेर हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो घासामागून घास खात राहिला. शेवटी पावाच्या तुकड्याने त्याने माझा तळ पुसून काढला. कौतुक पुष्कळ झालं होतं माझं, पण असं कधीच नाही.

"बाबांना काय सांगू?" गराझीने विचारलं.

"काही सांगू नकोस. डबा राहू दे इथे. मीच आणून देईन."

रविवारी ती एकटीच परतली. तेव्हापासून मी ओयेरच्या फळीवर आहे. दर सुट्टीला तो मला घासतो, पुसतो आणि परत ठेवतो. आज नको, पुढच्या खेपेला, असं स्वतःशीच पुटपुटतो.

मित्रांनो, आम्हा डब्यांचं मागणं फार मोठं नाही. आम्हाला वेळच्या वेळी घासा, खटक्यांना तेलाचा थेंब द्या, आमच्यात खिळे भरू नका. आणि कुणाचा डबा तुमच्याकडे राहिला असेल, तर तो दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः नेऊन द्या.

आज ओयेरने माझ्यात काहीतरी गरम गरम भरलं आहे. बूट घातले आहेत. मला काखेत धरून, दाराच्या कडीवर हात ठेवून तो केव्हाचा उभा आहे. अरे, उघड ना दार! तुझे बाबा म्हातारे होत चाललेत.