काचेवरचा आठ

मी एक जुना दाबमापक आहे. माणसाच्या यकृतात रक्त किती जोराने अडून बसलंय, ते सांगण्यात माझं आयुष्य गेलं. आता माझी तार काढून मला अडगळीच्या खोलीत ठेवलंय. कुणी मला टीव्ही समजतं, कुणी माझ्यावर फायली रचतं.

मित्रांनो, पोट आणि आतड्यांतलं रक्त एका जाड शिरेतून यकृतात शिरतं. यकृत निबर झालं की त्याला वाट मिळत नाही. ते दाराशी तुंबतं, आणि एक दिवस भलतीकडूनच फुटून बाहेर येतं. त्या शिरेला सहज हात लावता येत नाही. म्हणून आम्ही मागच्या दाराने जायचो. मानेतून एक बारीक नळी यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत सोडायची आणि मोकळ्या शिरेचा दाब मोजायचा. मग नळीच्या टोकाचा इवलासा फुगा फुगवून ती शीर बंद करायची आणि पुन्हा मोजायचं. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे उत्तर.

फुगा फुगला की सगळं शांत व्हायचं. मग बंद दारापलीकडून कुणीतरी हळूहळू टेकायचं. ते काही बोलायचं नाही, फक्त भार वाढवत राहायचं. इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणाची मला भीतीच वाटत आली.

मला चालवणारी तंत्रज्ञ तेव्हा नवी होती, मनाने फार हळवी. एकदा एक पुस्तकबांधणीवाले काका आले. त्यांच्या यकृतात गाठ होती. फरक दहाच्या आत आला तर ती कापून काढता येणार होती. जास्त आला तर उरलेल्या यकृताला कापाकापी झेपणार नव्हती. मोकळ्या शिरेचा दाब आठ आला. तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, माझ्या मुलीला जरा हात धरू दे ना. भीती वाटतेय."

मुलगी बुटकी होती. तिचा हात पोचावा म्हणून ताईने पलंग तीन बोटं खाली घेतला. माझा दाब ओळखणारा तुकडा मात्र खांबावर होता तिथेच राहिला. तो काकांच्या छातीच्या पातळीत हवा, वर राहिला तर दाब कमी दाखवतो, हे ती त्या घाईत विसरली. फुगा फुगला. मी सोळा दाखवले. पडद्यावर फरक उमटला, आठ! मुलगी आनंदाने रडली. खरा आकडा वीस होता, फरक बारा. मी धडधडीत खोटं बोललो होतो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या गडबडीत मला बंद करायचं राहून गेलं. सुट्ट्या आल्या. फरकाचा तो आठ पडद्यावर दिवसचे दिवस जळत राहिला आणि काचेवर त्याचा फिकट डाग पडला. काका ऑपरेशननंतर घरी गेलेच नाहीत.

ताईनेच पलंगाच्या उंचीची खूण पाहून चूक ओळखली आणि डॉक्टरांपुढे जाऊन कबूल केली. तेव्हापासून तिच्या खिशात पातळी तपासायची गवंड्याची पाणसळ असे. सगळे तिला 'गवंडीणबाई' म्हणून चिडवायचे. ती हसायची नाही. रोज माझी काच पुसायची, पण तो आठ काही जायचा नाही.

बऱ्याच वर्षांनी एक शिंपीणकाकू आल्या. तशीच गाठ, तीच दहाची अट. पहिला दाब आठ आला. नळी पुढे सरकवताना पलंग उंच पडून डॉक्टरांचे खांदे अवघडले. त्यांनी पायानेच पलंगाची कळ दाबली. गवंडीणबाई तेव्हा पाठमोरी औषध भरत होती. फुगा फुगला. पलीकडून ते टेकलं, पण या वेळी ओळखीचं वाटलं.

"फरक आठ!" डॉक्टर खूश झाले. "सुटलात काकू. काढा नळी."

गवंडीणबाई वळली. उजळ आठ जुन्या डागावर तंतोतंत बसला होता. डाग दिसेनासा झाला होता. तिच्या हातातली वाटी खाली पडली.

"पुन्हा घ्यायचं," ती म्हणाली.

"अहो, चांगला आकडा आलाय. कशाला उगाच?"

पलंगावरून काकू बोलल्या, "घे गं बाई पुन्हा. मापाच्या बाबतीत मीही कुणाचं ऐकत नाही."

पाणसळ लावली. पलंग तीन बोटं खाली होता. तो वर घेतला, दोन्ही दाब नव्याने मोजले. फरक बारा.

बाहेर काकूंची लेक संतापली. "मघाशी आठ म्हणालात ना? आता बारा कसे?" गवंडीणबाईने तिला सगळं सांगितलं, पुस्तकबांधणीवाल्या काकांसकट. ऑपरेशन रद्द झालं. गाठ सुईने जाळली, दाब उतरवायची औषधं दिली. दोन वर्षांनी काकू स्वतःच्या पायांनी आल्या. माझ्यासाठी शिवलेला अभ्रा घेऊन! माझं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

आता तोच अभ्रा माझ्यावर आहे. गवंडीणबाई निवृत्त झाली. मित्रांनो, मला तार नाही, वीज नाही. तरी पलीकडच्या खोलीत कुणी पलंगाची कळ दाबली की माझ्या काचेमागून काहीतरी हळूहळू टेकतं, आणि अभ्र्याखाली आठ उजळतो.

मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण हवाहवासा आकडा आला की आनंदाने ओरडण्याआधी एकदा पलंगाकडे बघा. मी इथून ओरडत असतो, आणि तुम्हाला ते ऐकू येत नाही.