तारेला लावलेलं पत्र

मित्रांनो, बँकेचं एक पत्र चार वर्षं माझ्या अंगावर लटकत होतं, आणि त्याला उत्तर गेलंच नव्हतं.

मी एक जुनी तार आहे. टपाल खात्याची नव्हे, कागद खोचायची. नेकनूरच्या सायकलवाल्याने एका निकामी आऱ्याला वर आकडा काढला, खाली लाकडी चकती बसवली आणि मी जन्मले. पंडित सरांनी मला शाळेच्या ग्रंथालयात टांगलं. त्यांचा एकच नियम होता : काम निकाली निघालं की कागद तारेला. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "असं दप्तर तालुक्यात न्हाई." सर निवृत्त झाले, तशी मीही त्यांच्या घरी आले.

नात स्वप्नाली इंजिनिअर झाली. तिच्या शिक्षणाच्या कर्जावर सरांची सही होती, फोन नंबरही त्यांचाच. "हप्ते मी भरतो," असा शब्द त्यांनी दिला होता. पुढे पेन्शनचं खातं दुसऱ्या शाखेत गेलं आणि हप्ता थांबला. आता कोणत्या खात्यातून कापायचा, असं बँकेने पत्राने विचारलं. आपण आधीच कळवायला हवं होतं, या लाजेने सरांना सुरुवातच सुचेना. तीन मसुदे फाडले. शेवटी पत्र माझ्यात खोचलं. तारेला गेलं म्हणजे झालं, ही सवय फार जुनी. पुढची पाकिटं न फोडताच माझ्याकडे आली. अनोळखी फोन तर सर उचलतच नसत.

स्वप्नालीची संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत निवड झाली. काम गोपनीय, म्हणून आधी कसून चौकशी. ती फॉर्म घेऊन गावी आली.

"आबा, कर्जाचा बेबाकी दाखला कुठंय? काई बाकी न्हाई, असा कागद लागतोय."

सुभद्राबाई, म्हणजे तिची आजी, म्हणाल्या, "त्या तारंला इचार. तुझे आबा बोलायचे न्हाईत. लग्नाचं 'हो'सुदिक त्यांच्या थोरल्या भावानं म्हणलं व्हतं!"

स्वप्नालीने कागद उपसले. बंद पाकिटं सात निघाली. तिने ती एकेक करून फोडली आणि वाचली.

"कावून सांगितलं न्हाई, आबा?"

"लाज वाटली गं. फॉर्मात कर्ज थकलंय का इचारलंय, तिथं तू 'न्हाई'च लिही. कोण बघतंय?"

"तेच तर बघतेत! कर्जात आडकलेल्या माणसाला पैसे दावून कुणीबी गुपित काढून घेईल, ही भीती. कर्ज तर कुणालाबी आसतं, आबा. पण लपवलं, तर नोकरी गेलीच."

"आन खरं लिवल्यावर?" आजीने विचारलं.

"ठाव न्हाई. फेडायला लागलोय, हे दिसलं तर इचार करतील."

तिने 'होय' लिहिलं. ते पाहून सरांनी कागद ओढला आणि या वेळी मसुदा केला नाही : 'आपल्या पत्राच्या उत्तरास चार वर्षे उशीर झाला. चूक माझी आहे, नातीची नाही. हप्ता पुढील खात्यातून कापावा. थकलेली रक्कम कशी फेडू, तेही कळवावे.'

मित्रांनो, कागद जरूर जपा, पण पत्राला उत्तर आधी द्या. झालेलं काम आणि टाळलेलं काम यांतला फरक मला कळत नाही. जे खोचाल, ते मी मुकाट्याने धरून ठेवते.

नोकरीचं काय होईल, कोण जाणे. दारातून मला समोरच्या भिंतीवरची टपालपेटी दिसते. सर अनवाणीच रस्ता ओलांडून गेले. पाकीट अर्धं आत घालून क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी ते सोडलं.