दारातली प्रार्थना

पास्टर अरविंद यांना घाणीची किळस म्हणून नाही, असं अख्खं पांढुर्णा सांगतं. सरकारी दवाखान्यात ज्याला कोणी नाही, त्याचं पास्टर करतात. हगलेलं-मुतलेलं काढतात, वाढलेली नखं कापतात, पायाच्या जखमेतल्या अळ्या चिमट्यानं वेचतात, आणि वर गुणगुणत असतात. स्टेशनाबाहेर पडून असलेल्या एका दारुड्याला त्यांनी स्वतःच्या हातानं साबण लावून आंघोळ घातली, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या माणसांनी उठून हात जोडले. आता बोला!

पास्टरांची बायको विजया हे ऐकायची आणि तिला ओकारी यायची.

तिला कोणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, बाप्पा, जरा आमच्या मागच्या खोलीत या. तिथं लोखंडी पलंगावर मनकर्णाबाई पडून होत्या, पास्टरांची सख्खी आई. मांडीचं हाड मोडल्यापासून उठणं नाही की बसणं नाही, आणि डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सगळं अंथरुणात. ते काढणार विजया, धुणार विजया, म्हातारीची कूस बदलून पाठीला पावडर लावणार विजयाच. जुन्या लुगड्यांचे धडपे मोरीत घासता घासता तिच्या बोटांची सालटं निघाली होती. एक बाई लावून पाहिली, तर ती दुसऱ्याच दिवशी नाकाला पदर लावून जी गेली ती गेलीच. वास जावा म्हणून विजया हातांवर संत्र्याची साल चोळायची. आता संत्र्याच्या मुलखात राहून तिला संत्रं चालत नाही. कोणी समोर सोललं की तिला मागची खोली आठवते.

आणि पास्टर? पास्टर दारात उभे राहत. उंबऱ्याच्या अलीकडे, नाकाला रुमाल. दुसरा हात लांब करून चर्चमधल्या त्या घुमणाऱ्या आवाजात म्हणत, "हे प्रभू, तुझ्या या दासीला बळ दे." आमेन झालं की काढता पाय. म्हातारी तेवढ्यावर खूश. "माहा अरविंद आला व्हता," असं दिवसभर भिंतीला सांगायची. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण तो आवाज तिला बरोबर ओळखू यायचा.

"नाक दाबून देवासंग बोलता येते वाटते," विजया एकदा म्हणालीच. पास्टरांना ऐकू आलं नाही. त्यांना सोयीनं ऐकू येत नसे.

तिकडे सौसरला वृषाली, त्यांची एकुलती एक लेक, बाळंत झाली होती. मुलगी झाली. पांढुर्ण्याहून सौसर काय विलायतेत आहे? बसमध्ये बसलं की तासाभरात हजर. पण नात हसायला लागली, मान धरायला लागली, आणि आजीनं ती पाहिली फक्त मोबाइलवर. "आई, काऊन येऊन नाही राहिली वं तू?" असं लेक विचारायची, आणि विजया म्हणायची, पुढच्या सोमवारी. तो पुढचा सोमवार काही उजाडत नव्हता.

शेवटी एकदा जेवताना तिनं सांगून टाकलं, "अवो, या सोमवारी मी सौसरले जाऊन राहिली. दोन दिवस आईचं तुम्ही करा."

पास्टरांचा घास हातातच राहिला. "मी? अवं, ते माही माय हाये. मायचं आंग पोरानं कसं पाहाव? चर्चमधल्या सुनंदाताईले विचारून पाहातो."

"सुनंदाताई त्यायच्या पोटची हाये काय? अन् दवाखान्यातल्या म्हाताऱ्यायचं करता, त्या कोनाच्या माय नाहीत काय?"

"ते सेवा होय, विजया. तिथची गोष्ट वेगळी हाये."

"काय वेगळी?"

पास्टर हात धुवायला उठले.

रविवारी प्रवचनात त्यांनी नेमकी वार्डातलीच गोष्ट काढली. एक आजी होती, लेकांनी टाकून दिलेली. तिला स्वच्छ करून नवं लुगडं नेसवलं, तेव्हा ती म्हणाली, बाबा, तुम्हीच माझे लेक. इथं पास्टरांनी खिशातून रुमाल काढला. बायांनी डोळ्यांना पदर लावले. सुनंदाबाई विजयाच्या कानाशी लागल्या, "पास्टरीणबाई, नशीब काढलं तुम्ही!" विजयाच्या तोंडाला आंबट पाणी सुटलं. हेच नाक, हाच रुमाल, आणि आता त्याच रुमालानं डोळे पुसणं चाललेलं! शी!

प्रवचनानंतर साक्षीची वेळ. आठवड्यात देवानं आपलं काय भलं केलं, ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं. विजया दर वेळी "प्रभूची स्तुती असो" म्हणून खाली बसायची. आज ती उठली ती उभीच राहिली.

"जय मसीह की. माह्या घरात एक म्हातारी हाये. पोरगा हाये तिले, पन तो तिले हात लावत नाही. उद्या मी नातीले पाहाले सौसरले जाऊन राहिली. मंग म्हातारीचं कराले कोनी नाही. तरी पास्टरजींनी सेवेले याव, एवढी माही विनंती हाये."

सुनंदाबाई सवयीनं "आमेन" म्हणून गेल्या. मग कोणती म्हातारी ते डोक्यात शिरलं आणि त्यांनी जीभ चावली. सगळे पास्टरांकडे पाहू लागले.

"येईन," पास्टर म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय!

घरी आल्यावर मात्र त्यांचा पारा चढला. "चारचौघांत अब्रू काढली माही!"

"जिथं कमावली तिथंच काढली," विजया म्हणाली आणि पिशवी भरायला बसली. डिंकाचे लाडू, नातीसाठी दोन झबली, एक कानटोपरं.

सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "एक डाव माह्यासमोर करा. मंग मी निघते."

पास्टरांनी सेवेची बॅग काढली. प्लास्टिकचा अॅप्रन बांधला, तोंडाला मास्क लावला, रबरी हातमोजे चढवले आणि उंबरा ओलांडून आत गेले. विजया दारात उभी राहिली. तिला वाटलं, आता हा माणूस ओकेल नाहीतर पळेल.

कसचं काय! एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि म्हातारी अलगद कुशीवर. घाण चादर गुंडाळत आणली, कोमट पाण्यानं पुसलं, कोरडं केलं, पावडर लावली, नवी चादर सरकवली. विजयाची या कामात कंबर मोडायची, म्हातारी कण्हायची. आज म्हातारीनं हूं की चूं केलं नाही. आणि पास्टरांचा आवाज! हळू, मऊ. "झालं, झालं. आता दुखणार नाही." हा वार्डातला आवाज विजयानं घरात कधी ऐकलाच नव्हता. तिला राग यायला हवा होता, पण डोळे भरून आले. जाऊ दे, तिला वाटलं. उशिरा का होईना, आईला हात तर लावला.

मनकर्णाबाईंनी पांढरट डोळे आवाजाकडे वळवले. "कोन होय, बाबा? दवाखान्यातून आले काय?"

पास्टरांचे हात क्षणभर थांबले. "हाव," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले.

"देव तुमचं भलं करो. माहा पोरगाबी पास्टर हाये. लय मोठा. पन त्याले येळ नसते बिचाऱ्याले." म्हातारीनं चाचपडत रबरी हातमोजा धरला आणि दाबला. "तुमची माय हाये काय, बाबा?"

विजया मनाशी म्हणाली, सांगा आता! मी अरविंद होय, एवढं सांगा. त्याला काही हातमोजे लागत नाहीत.

"हाये. गावाकडं हाये."

"तिचंबी असंच करता काय?"

पास्टरांनी चादरीची सुरकुती सरळ केली. दाराकडे पाहिलं नाही.

"हाव, आजी," ते म्हणाले.

विजया मोरीवर जाऊन पचकन थुंकली. चूळ भरली, पिशवी सावरली आणि बस स्टँडच्या वाटेला लागली.