दोनशे चौदा फोटो, सगळे ठीक

ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी मीच पिडतो. जुन्या कागदांचे फोटो प्रोग्रॅमकडून सरळ करून घ्यायचे, डाग काढायचे, अक्षरं वाचून घ्यायची, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही एक लायब्ररी वापरतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. आपण फक्त हुकूम सोडायचे. ही फाइल वाचायला उघड, ती लिहायला उघड. नव्या माणसाला मी दटावून सांगतो की लिहायला उघडलेली फाइल आधी कोरी होते, मग तिच्यावर लिहिलं जातं. म्हणून मूळ फोटोवर कधी लिहायचं नाही, नवी प्रत करायची. वाचायला मात्र हवी तेवढी उघडा, वाचण्याने कुणाचं वाकडं होत नाही.

हे वाक्य मी अकरा वर्षं म्हणत आलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्या आईने माझ्याकडे बघूनच पाठ केली असावी.

माझ्या ताईची मुलगी गोटी पाच वर्षांची असताना गेली. रक्ताचा आजार होता, सात महिने चालला. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. आम्हा सगळ्यांना ती गोटीच. वयाच्या मानाने फार ठेंगणी होती आणि घरभर गडगडत असायची. मला मामा म्हणायची नाही, "ए मामा" म्हणायची, जणू मी रस्त्याच्या पलीकडे उभा आहे.

ती गेल्यावर चार महिन्यांनी ताईच्या घरचा जुना कॉम्प्युटर कटकट आवाज करू लागला. भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात, त्यांना यंत्राचं दुखणं कानाने कळतं. ते म्हणाले, डिस्क चालली. घरातले सगळे फोटो त्याच डिस्कवर होते. ताईने ती कॉम्प्युटरमधून काढून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि स्वतः माझ्या घरी आणून दिली. सोफ्यावर बसलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, "तू बघ बाबा. तुला यातलं कळतं."

मी जोरात होतो. दुःखात माणसाला काही करता आलं नाही की हातातलं काम देवासारखं वाटतं, तसं झालं होतं. दुकानात देण्याऐवजी मी स्वतःच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. आजारी डिस्क मधेच अडकते आणि अडकलेल्या जागी जास्त रेटलं तर कायमची बसते, म्हणून त्याला नियम घातला होता: एखाद्या फाइलवर अडकलास तर दहा सेकंद थांब, मिळालं तेवढं ठेव, पुढच्या फाइलकडे वळ. राहिलेल्यांकडे नंतर बघू.

दोन दिवसांत तीन हजारांवर फाइली नव्या डिस्कवर आल्या. एका फोल्डरचं नाव ताईने "गोटी" ठेवलं होतं. त्यात दोनशे चौदा फोटो होते.

आता फक्त बघायचं होतं. माउस नेऊन दोनदा टिचकी मारायची, फोटो समोर आला असता. मी हात नेला आणि परत घेतला. आजारपणातले फोटो आमच्या सगळ्यांच्या फोनवर होते, तेव्हाच आम्ही जास्त काढले. बरी असतानाचे, केस असतानाचे, सगळे या फोल्डरात होते. ते बघणं माझ्या जिवावर आलं. मग मी माझ्या जातीच्या लोकांनी करावं तेच केलं. बघण्यासाठीही प्रोग्रॅम लिहिला.

चार ओळींचा. लायब्ररीने एकेक फाइल वाचायला उघडायची. उघडली तर तिची लांबी-रुंदी आणि तारीख लिहून पुढे "ठीक" म्हणायचं, नाही उघडली तर "खराब". पडद्यावर यादी सरसर उतरत गेली. दोनशे चौदा वेळा ठीक. म्हणजे अडकलेल्यांतलंही काही गमावलं नव्हतं, असं मी मानलं आणि ताईला फोन करून सांगितलं की एकूण एक फोटो सुखरूप आहेत. ती म्हणाली, "बरं झालं."

जुन्या डिस्कचं काय करू, असं तिने विचारलं होतं. मी म्हटलं, भंगार कशाला सांभाळायचं. आमच्या ऑफिसात टाकाऊ डिस्कला ड्रिलने आरपार भोक पाडायची पद्धत आहे, म्हणजे आतलं कुणाच्या हाती लागू नये. घरच्या फोटोंना तो नियम लावायची काही गरज नव्हती. पण सवय. एका सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी गोटीच्या डिस्कला मधोमध भोक पाडलं आणि टाकाऊ सामानाच्या पेटीत टाकून हात धुतले.

त्यानंतर एक वर्ष कुणी तो फोल्डर उघडला नाही. नवी डिस्क ताईच्या कपाटात चादरींखाली होती, तिची एक प्रत माझ्याकडे होती.

परवा ताईचा फोन आला. पुढच्या महिन्यात गोटीला सात वर्षं झाली असती, म्हणाली. भिंतीवर एक फोटो लावायचाय. हॉस्पिटलातला नको. "चांगला मोठा करून आण. पायापर्यंत दिसायला हवी. तिचे ते लाल बूटसुद्धा." कितीतरी दिवसांनी ती काहीतरी मागत होती. मी म्हटलं, रविवारी आणतो, त्यात काय.

शनिवारी दुपारी मी पहिल्यांदा त्या फोल्डरातला फोटो उघडला.

वर छत होतं, पंखा होता, भावोजींचं डोकं होतं. त्यांच्या मिश्यांखाली एक सरळ आडवी रेघ, आणि रेघेच्या खाली सगळं राखाडी.

दुसरा उघडला. झाडाचा शेंडा, आभाळ, राखाडी. तिसऱ्यात आमच्या आईचं कपाळ आणि चष्मा, मग राखाडी. मी एकामागून एक उघडत गेलो. विसाव्याला थांबलो.

काय झालं ते कळायला मला पाच मिनिटं लागली. ते मला वर्षभरापूर्वीच माहीत असायला हवं होतं. ही लायब्ररी फाइल वाचायला उघडते तेव्हा पूर्ण वाचत नाही. फक्त सुरुवातीचा मजकूर बघते: फोटो केवढा, कधी काढला, कसा धरून काढला. आतलं चित्र ती तेव्हाच वाचते, जेव्हा कुणी चित्र मागतं. मी मागितलंच नव्हतं. दोनशे चौदा दारं ठोठावली, आतून "हो" आलं की पुढे गेलो. एकाही घरात डोकावलो नाही.

डिस्कवर गोटीचा फोल्डर होता नेमका तोच भाग आजारी होता, दहा सेकंदांत प्रत्येक फोटो अर्धाच हाती आला होता. बाकी सगळं शाबूत होतं. भावोजींच्या जुन्या स्कूटरचे एकोणीस फोटो, कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाच्या रांगा, आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळं लखलखीत.

आणि गोटी ठेंगणी. भावोजी कॅमेरा नेहमी आडवा धरतात, मागचं घर, मागची बाग, सगळं मावायला हवं असतं त्यांना. उंच माणसं वर, ती खाली. खांद्यावर बसवलं की रडायची, उंचीची भीती वाटायची तिला, त्यामुळे प्रत्येक फोटोत ती जमिनीवरच. आणि फोटो वरून खाली लिहिलेला असतो. अर्धा तुटला की खालचा भाग जातो. एका फोटोत तिच्या केसांच्या दोन शेंड्यांची टोकं राहिली होती. दोनांत कपाळ. एकात टेबलाच्या कडेवर चार बोटं. सगळे तिच्याकडे बघून हसत होते आणि ती नव्हती.

मी रडलो. मला रडता येत नाही, शिंकल्यासारखा आवाज येतो, पण रडलो.

मग अक्कल चालवायला लागलो, म्हणजे आणखी मूर्खपणा. हल्ली फोटोतला गेलेला भाग अंदाजाने भरून देणारे प्रोग्रॅम आहेत. ज्या फोटोत कपाळ होतं तो त्यातल्या एकाला दिला. अर्ध्या मिनिटात पूर्ण मुलगी आली. गोड होती, तिचा फ्रॉक निळा होता, दात मोत्यासारखे होते. गोटीचा पुढचा एक दात किडलेला होता आणि तिचे बूट कायम उलट्या पायांत असायचे. तरी खोटं का बोलू, दोन मिनिटं मनात आलं की हाच फोटो नेऊन द्यावा. ताई भिंतीवर लावेल, समाधान मानेल. मग मला ताई त्या परक्या पोरीकडे रोज बघताना दिसली. मी ती फाइल पुसून टाकली.

संध्याकाळपर्यंत दोनशे चौदाही बघून झाले. त्यांतले सात मी काढलेले होते, भावोजींच्याच कॅमेऱ्याने. मी कॅमेरा उभा धरतो आणि भावोजी त्यावरून मला चिडवायचे, की तुझ्या फोटोत माणूस कमी आणि भिंत जास्त. कॅमेरा उभा धरला तरी फाइलमध्ये फोटो आडवाच पडलेला असतो. दाखवताना तो फिरवला जातो. म्हणून या सातांत रेघ आडवी नव्हती, उभी होती. डावी बाजू गेली होती, उजवी डोक्यापासून पायापर्यंत राहिली होती. सहांत गोटी डावीकडे नाहीतर मधे होती. एकात उजवीकडे.

शेंड्या, किडका दात, लाल बूट, डावा उजव्यात. तिचा एक हात बाजूला लांब केलेला होता, कुणाचं तरी बोट धरलेलं, आणि ते बोट जिथे सुरू होतं तिथून पुढे राखाडी होतं.

राखाडी भाग कापून मी फोटो नव्या फाइलमध्ये लिहिला. मूळ फाइलवर नाही. एवढा एक नियम तरी पाळला.

रविवारी ताईकडे गेलो. भावोजी कामावर होते, कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली होती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. डिस्क, दहा सेकंद, ठीक-ठीक, सगळं. भोकसुद्धा. ताई भांडी पुसत होती. भोकाचं ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"म्हणजे आता कुणालाच काढता येणार नाहीत?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"तेव्हा एक तरी उघडून बघितला होतास का?"

"नाही."

"का?"

"बघवत नव्हतं, ताई."

तिने फडकं खाली ठेवलं. "मलाही बघवत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर तुला दिले. वाटलं, निदान तू तरी तिला एकदा बघशील."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लहानपणी मी तिची वही पाण्यात पाडली होती तेव्हा तिने मला बदडून काढलं होतं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही परत एका ताटात जेवलो होतो. आता ती नुसती नळाकडे बघत बसली.

बऱ्याच वेळाने मी लॅपटॉप उघडला आणि कापलेला फोटो तिच्यासमोर ठेवला. तिने तो बघितला. पडद्याला हात लावला, बुटांपाशी. मग गोटीचा लांब केलेला हात बघून म्हणाली, हा तुटका का? मी सांगितलं, पुढचं सगळं गेलंय म्हणून कापलं. तिने न कापलेला दाखवायला सांगितला. मी दाखवला. अर्ध्यात गोटी, अर्ध्यात कोरी राखाडी भिंत.

ती त्या राखाडीकडे बघत राहिली.

"कापू नकोस," ताई म्हणाली. "तिथे मी आहे."

त्या दिवशी ताईने मला जेवायला थांब म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दारापर्यंत आली, चप्पल घालेपर्यंत उभी राहिली, आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी फोटो छापायला नेला. छापणारा भला माणूस होता. पडदा माझ्याकडे वळवून म्हणाला, साहेब, तुमची फाइल अर्धी खराब आहे, डावीकडचा भाग उगाच मोठा छापला जाईल. कापून मुलीला मधे घेऊ का, छान दिसेल. मी म्हटलं, नको, आहे तसा छापा. त्याने पुन्हा समजावलं, इथे काहीच नाहीये हो.

मी म्हटलं, तिथे तिची आई आहे.

त्याने छपाई चालू केली. कागद हळूहळू बाहेर येऊ लागला आणि मी तो शेवटपर्यंत, पूर्ण, बघत उभा राहिलो.