काचेपलीकडचे ठोके

"ठमे, ऊठ. अजून वाजलं नाही."

आई खिडकीलगतच्या पलंगावर उठून बसली होती, हातात पेला घट्ट धरून. तिची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवस उजाडल्याचं तिला समोरच्या काकूची काठी सांगायची. गल्लीपलीकडे काकू आपल्या खिडकीच्या चौकटीवर काठीनं तीन ठोके मारी, अलीकडून आई पेल्यानं दोन. मी आहे, तू आहेस ना, एवढाच त्याचा अर्थ. दोघींचे नवरे गेल्यावर सुरू झालेला हा रिवाज तापातसुद्धा चुकला नव्हता.

ठमीनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी कालच बसली होती.

ठमी पाणीखात्यात कारकून. घराच्या दुरुस्तीतलं हे एक काम मात्र तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. मागच्या हिवाळ्यात आईची छाती भरली, डॉक्टरांनी वारा लागू देऊ नका म्हणून बजावलं, आणि हीटर रात्रंदिवस चालला तरी खोली गार ती गारच. सुतारानं जुन्या चौकटीच्या फटीपाशी काडी पेटवून धरली तर ज्योत आडवी झाली. मग त्यानं नमुने आणले. धातूची चौकट गारठा आत आणते, लाकडाची नाही, हे ठमीला पटलं. दोन काचा, मधे कोंडलेली हवा, कडेनं रबराची पट्टी. आईनं लाकडावरून हात फिरवला, वास घेतला.

"उघडणारी की कायमची बंद?" सुतारानं विचारलं. "बंद असली तर ऊब जास्त टिकेल."

"बंदच करा."

"आवाज येईल ना गं?" आईनं विचारलं होतं.

"येईल की!" ठमी नमुने पाहण्यात गुंग होती.

आता काचेपलीकडे काकू स्पष्ट दिसत होती. काठी वरखाली होत होती. आत मात्र काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"आई, काकू वाजवतेय. मला दिसतेय ना! नव्या खिडकीतून आवाज येत नाही, एवढंच."

आईचा चेहरा दगडासारखा झाला. "तुझे बाबाही बरे होते, नाही का?"

बाबा इस्पितळात वारले तेव्हा आई तापानं फणफणली होती. "बरे आहेत," असं ठमीच दोन दिवस सांगत राहिली होती. आईनं त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. आज काढला.

"तुझी शप्पथ, आई!"

"माझी शप्पथ नको. फोन लाव तिला."

ठमीनं काचेपाशी जोरजोरात हात हलवले. काकूची नजर अधू, त्यात इकडे अंधार. काकूनं डोळे बारीक करून पाहिलं आणि ती खिडकीतून नाहीशी झाली. ठमीनं फोन लावला. तो वाजतच राहिला.

"उचलत नाही ना?" आईनं पाय खाली सोडले. "मला तिच्याकडे ने. कशीही असली तरी ने."

ठमी तिला सावरायला गेली तर आईनं हात झिडकारला. तिची छाती घरघरू लागली. आता आईलाच काही झालं तर?

तेवढ्यात जिन्यावर ठक् झालं. बराच वेळ काही नाही. पुन्हा ठक्. आई जागच्या जागी थांबली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून काकू हा जिना चढली नव्हती.

ठमीनं दार उघडलं. काकू घामाघूम, केस विस्कटलेले.

"जिवंत आहेस तर वाजवायला काय झालं होतं, भवाने?"

आई तिची मनगटं चाचपत होती, कोपर, खांदे. "मी तुझ्याकडेच निघाले होते, रडायला," असं म्हणून ती हमसून हमसून रडली.

ठमीनं सुताराला फोन केला. उघडणारी हवी.

"आठवडा लागेल, ताई. आणि वारा येईल हं आत."

"सकाळपुरता येऊ दे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ठमी दिवा लावून काचेपाशी उभी राहिली. समोर काठी तीनदा वर गेली.

"आई, वाजलं."

आई हलली नाही. खरंच का, असं तिनं विचारलं तर काय सांगायचं, हे ठमीला सुचत नव्हतं. मग आईनं चाचपत पेला उचलला आणि नव्या चौकटीवर दोन ठोके मारले. कोऱ्या लाकडाला बारीकसा खळगा पडला.

"दिसलं का तिला?"

"दिसलं," ठमी म्हणाली, आणि खळग्यावरून बोट फिरवत उभी राहिली.