मोजकी माणसं

दारावरच्या मुलीनं नारायणरावांच्या सदऱ्याची बाही वर सारली आणि मनगटाभोवती केशरी कागदी पट्टी चिकटवली.

"काढायची न्हाय हं आजोबा. आत कुणी विचारलं तर नुसता हात दाखवायचा."

दवाखान्यात भरती केलेल्या माणसाच्या हाताला असते तसली पट्टी. नारायणरावांनी बाही खाली ओढून बटण लावलं. सूर्य मावळतीला टेकला होता आणि पार्कमधून दिवसाची गर्दी बाहेर पडत होती. ओल्या केसांच्या बायका, खांद्यावर झोपलेली पोरं, हातात चपला धरून चालणारे पुरुष. ही सगळी माणसं पाळणे, बोट, झुकझुकगाडी, सारं करून निघाली होती, आणि तेही निम्म्याहून कमी तिकिटात. नारायणराव गेला आठवडाभर सुनेला हेच सांगत होते. पार्क एकदा बंद करायचा, लगेच परत उघडायचा, पाळणे तेच, पाणी तेच, आणि दाम मात्र दुपटीच्या वर. ही कुठली खास संध्याकाळ?

नीला ऐकून घ्यायची आणि एवढंच म्हणायची, "दिवसा रांगा फार असतात, अण्णा. संध्याकाळी मोजकीच माणसं सोडतात."

ती अणदूरच्या शाळेत शिकवायची. तुळजापूरहून रोज एसटीनं जायची-यायची. तिचा नवरा शौनक, नारायणरावांचा एकुलता एक मुलगा, जाऊन सहा वर्षं होत आली होती. एवढ्या काळात तिनं स्वतःहून कसलीही हौस मागितली नव्हती, म्हणून नारायणराव अखेर कुरकुरत तयार झाले. त्यांची नात अस्मिता तर सकाळपासूनच नवा फ्रॉक घालून बसली होती. गाडीही नीलानंच ठरवली, तीसुद्धा नळदुर्गची. तुळजापुरात एवढ्या गाड्या उभ्या असताना तिकडून रिकामी गाडी कशाला बोलवायची, हे नारायणरावांना कळलं नव्हतं.

"अगं बाई, नारायणराव!"

गर्दीतून कमलबाई पुढं आल्या. राहायला त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून. दोन्ही हातांना दोन नातू लोंबकळत होते.

"आमी निघालो न् तुमी आता आलाव?"

"संध्याकाळचं खास तिकीट असतं म्हणे. नातीची हौस."

कमलबाईंनी किंमत विचारली. नारायणरावांनी सांगितली तसा त्यांचा हात गालावर गेला.

"एवढं? आमचा अर्धा दिवस रांगेत गेला बघा. पण रांगेत कोण कोण भेटलं म्हणून सांगू! पुजाऱ्यांकडचं अख्खं घर, बँकेतला तो शिपाई, शिंप्याची सून. निम्मं तुळजापूर आज इथंच हाय. नीला कुठंय?"

नीला खांबाआड वाकून अस्मिताच्या बुटाची नाडी बांधत होती. कमलबाई रस्ता ओलांडून दिसेनाशा झाल्या तरी ती नाडी बांधून होईना.

आत गेल्यावर नारायणरावांच्या म्हणण्याला पुरावेच पुरावे मिळाले. पाण्याच्या घसरगुंड्या बंद करून ठेवल्या होत्या. भुताच्या गुहेला कुलूप होतं. तिकिटात फराळ होता, पण पुरी गार आणि भाजी त्याहून गार. मोठ्या बोटीपाशी लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट माणसांशिवाय उभी होती आणि दिवसभर उभं राहून कंटाळलेला माणूस खुर्चीवर बसल्या बसल्याच कळ दाबत होता. रांग नव्हती हे मात्र खरं. अस्मिता बोटीतून उतरली की तशीच वळून परत चढायची. सोलापूरकडची दोनचार कुटुंबं आणि कॉलेजच्या मुलींचा एक घोळका सोडला तर आवारात कुणी नव्हतं. लाऊडस्पीकर मात्र हजार माणसांना पुरेल एवढ्या आवाजात वाजत होता.

"निम्मं तर बंदच आहे," नारायणराव म्हणाले.

"हो," नीला म्हणाली. तिचं लक्ष चहाच्या टपरीकडे होतं. "अण्णा, चहा घेऊ या?"

टपरीपाशी एक माणूस आधीच उभा होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, इस्त्रीच्या शर्टात जरा अवघडलेला. नीला त्याच्यासमोर थांबली. पदर खांद्यावर नीट होता तरी तिनं तो परत नीट केला.

"अण्णा, हे गौरीशंकर. अणदूरला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत. आमच्या शाळेच्या खड्ड्यात वासरू पडलं होतं ना, ते यांनी काढलं होतं."

"नमस्कार काका." त्यानं वाकून पायांना हात लावला.

"योगायोगच म्हणायचा," नारायणराव म्हणाले. त्यांनी चहाचा कप हातात घेतला होता. तेवढ्यात अस्मिता बोटीकडून धावत आली.

"डॉक्टरकाका, तुम्ही म्हणालात तसंच होतं! अगदी मागं बसलं की पोटात गोळा येतो!"

अस्मितानं आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. काहीतरी सांगायचं नाही असं ठरलं होतं आणि आपण ते सांगून बसलो, हे नऊ वर्षांच्या त्या तोंडावर लख्ख दिसत होतं.

नारायणरावांनी चहाचा घोट न घेताच कप फळीवर ठेवला.

"माझे गुडघे दुखतायत," ते म्हणाले. "मी तिकडं बसतो जरा."

कारंज्यापाशी सिमेंटचं बाक होतं. कारंजं अजून सुरू झालं नव्हतं. हौदात पाण्यावर वेफरची रिकामी पिशवी तरंगत होती. नारायणरावांनी रुमाल झटकून बाकावर शेजारी ठेवला. सहा वर्षं गल्ली सांगत आली होती, नीलासारखी सून मिळायला भाग्य लागतं. देवळात, दळणाला गेल्यावर, लग्नाच्या पंगतीत. किती गुणाची, मान वर करून बघत नाही. प्रत्येक वेळी नारायणरावांनी मान डोलावली होती, आणि त्यांना ते ऐकायला बरं वाटलं होतं. खांबाआड बुटाची नाडी बांधणारी तिची पाठ त्यांना आठवली. घरात राहायचं, ताटाशेजारी ताट मांडायचं आणि पोरीला गप्प राहायला शिकवायचं. त्यांनी बाही वर सारून केशरी पट्टीत बोट घातलं. ती तुटली नाही.

"बसू का, काका?"

गौरीशंकर समोर उभा होता. नारायणरावांनी बाकावरचा रुमाल उचलून मांडीवर घेतला.

गौरीशंकर टोकाला बसला. त्याच्या उजव्या हातावर अंगठ्यापासून मनगटापर्यंत जुना, पांढरा पडलेला व्रण होता.

"हे काय?"

"म्हशीचं शिंग. नवा होतो तेव्हा. पुढनं जायचं नसतं ते म्हशीनंच शिकवलं."

"घरी कोण असतं?"

"आई. न् मामा, महांतप्पा. वडील लवकर गेले. तीन बहिणींची लग्नं करण्यात माझं राहून गेलं."

"आईला ठाऊक आहे?"

"व्हय. पयले दोन दिवस जेवली न्हाय." गौरीशंकरनं घसा खाकरला. "आता जेवती."

नारायणरावांना हसू येऊ पाहत होतं. त्यांनी ते खोकून घालवलं.

"तुम्ही लिंगायत. आम्ही वेगळ्या जातीचे. आईला चालेल?"

"एकच इचारलं तिनं. मटण खात न्हाईत ना म्हणे."

पलीकडे मोठी बोट कुणाला न घेताच एकदा झुलली आणि थांबली. नारायणराव रुमालाची घडी घालत होते.

"माझ्या घराला दार आहे, डॉक्टर," ते म्हणाले. आवाज चढू नये म्हणून त्यांनी शब्द सुटे सुटे उच्चारले. "तिथं यायचं होतंत. असं लपूनछपून, पैसे भरून, परगावची गाडी करून... माझी काय भीती वाटली तुम्हाला?"

"मी तेच म्हणलो होतो. सरळ जातो, काकांच्या पाया पडतो न् इचारतो. त्या नको म्हणल्या."

"का?"

गौरीशंकरनं हौदातल्या पिशवीकडे पाहिलं.

"म्हणल्या, तुम्ही दारात आलाव की गल्ली बघणार. मग अण्णा हो म्हणले तरी लोक बोलणार, नाही म्हणले तरी बोलणार. लोकांकडं बघून त्यांनी काही ठरवायला नको. नाही म्हणावं वाटलं तर त्यांना मोकळेपणी नाही म्हणता यावं. इथं ते उठून गेले तर कुणाला कळायचं पण न्हाय. उद्या परत सगळं होतं तसं."

"आणि मी उठून गेलो तर?"

"तर त्या तुमच्याबरोबर जाणार. मला आधीच सांगून ठेवलंय."

"आणि तुम्ही?"

"मी काय, काका. सकाळी सातला दवाखाना उघडावा लागतो."

रुमालाची घडी आता आणखी लहान होण्यासारखी राहिली नव्हती. नारायणरावांनी ती खिशात घातली. टपरीजवळ नीला उभी होती. तिनं अस्मिताला दोन्ही खांद्यांना धरून समोर उभं केलं होतं आणि दोघीही इकडे पाहत नव्हत्या. नारायणरावांचा कप अजून फळीवर तसाच होता. नीलानं त्यावर बशी झाकून ठेवली होती.

नारायणराव उठले. गौरीशंकरही उठला, पण जागचा हलला नाही. नारायणराव सावकाश चालत टपरीपाशी गेले. नीलानं खाली ठेवलेली पिशवी उचलली, खांद्याला लावली. निघायची तयारी तिनं अशी पटकन केली, जणू आल्यापासून ती त्याचसाठी उभी होती.

"पिशवी ठेव," नारायणराव म्हणाले. "अस्मे, आकाशपाळणा राहिलाय ना अजून?"

"आबा, तुम्हाला चक्कर येते."

"एवढं तिकीट काढलंय. एक तरी फेरी वसूल करू." त्यांनी बाकाकडे वळून गौरीशंकरलाही हातानं बोलावलं.

आकाशपाळण्याच्या माणसानं एक लोखंडी पेटी खाली आणून दार उघडलं. चौघं बसतील एवढी जागा होती. नारायणराव नातीला घेऊन आत बसले आणि स्वतःच दाराची कडी लावून घेतली.

"त्या दोघांना मागच्या पेटीत बसवा," त्यांनी माणसाला सांगितलं.

पाळणा वर चढू लागला तसे त्यांनी डोळे मिटले. अस्मितानं त्यांचा हात घट्ट धरला. बऱ्याच वेळानं, वारा गार लागू लागल्यावर त्यांनी डोळे उघडले. हमरस्त्यावरून ट्रकांचे दिवे हैदराबादच्या दिशेनं सरकत होते. त्यापलीकडे शेतं, अंधार आणि धाब्यांच्या रंगीत माळा.

"आबा, तुम्ही रागावलात?"

"तू खाली बघू नकोस."

पण त्यांनी स्वतः खाली पाहिलं. मागच्या पेटीत नीला आणि गौरीशंकर समोरासमोर बसले होते. दोघांच्या मध्ये आणखी दोन माणसं मावली असती. तिचे हात मांडीवर, त्याचे गुडघ्यांवर. दोघंही वेगवेगळ्या बाजूंना बाहेर पाहत होते. एवढ्या उंचीवर, एवढ्या अंधारात, बघणारं कुणी नव्हतं. तरी ती दोघं अशी बसली होती, जणू गल्लीतल्या साऱ्या बायका समोर पंगत धरून बसल्यात. एकदा पाळणा हिसका देऊन थांबला, तेव्हा गौरीशंकरनं चटकन हात पुढं केला, आणि नीलानं कठडा धरलेला पाहून तो तसाच मागं घेतला.

नारायणराव बराच वेळ त्या दोघांकडे पाहत राहिले. चक्कर आली नाही.

खाली उतरल्यावर कारंजं सुरू झालं होतं. ते पाहून सगळे दारापाशी आले. गाडीवाला काच पुसत होता. गौरीशंकरनं मोटरसायकलची किल्ली बोटात अडकवून लांबूनच हात जोडले. तो आधी निघणार होता, आणि मग हे तिघं. हेही ठरलेलं असावं, कारण नीला दाराच्या आतच थांबली होती.

"डॉक्टर."

गौरीशंकर वळला.

"येत्या रविवारी घरी या."

नीलानं अस्मिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

"येतो काका. किती वाजता येऊ?" तो एक पाऊल जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "अंधार पडल्यावर आलो तर..."

"अंधारात कशाला? पाचच्या सुमारास या. तेव्हा ओट्यावर सगळ्या बसलेल्या असतात." नारायणराव गाडीत बसायला वाकले, मग थांबून परत सरळ झाले. "आणि मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी लावा. तिथून चालत या."